महालक्ष्म्यांच्या दिवशी तुंगा व्याली

उदगीरची सुमती लग्न होऊन खटकचिंचोळीला आली तेव्हा सोळा वर्षांची होती. नवरा गुंडेराव शाळेत मास्तर. सुमती अंगानं काडी, पण पायाला भिंगरी. विहिरीवर धावत जाणार, धावत येणार, आणि घागर मात्र काठोकाठ. घरात तिसरं माणूस म्हणजे गुंडेरावांची थोरली बहीण सरस्वतीबाई. तिला सगळे अक्का म्हणत. ती लहान वयातच विधवा होऊन माहेरी परतलेली, सोवळ्याला फार कडक. तिच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गावातली मांजरंसुद्धा विचार करून थांबायची.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला दोन वर्षं झाली, त्या दिवाळीनंतर सुमतीची तीन वर्षांची वृंदा तापानं पडली. एकविसाव्या दिवशी ताप उतरला, पण पोटात काही ठरेना. म्हशीचं दूध दिलं की उलटी. गाईचं, पाणी घालून दिलं तरी तेच. शेवटी गुंडेरावांनी छकडा जुंपला आणि पोरीला भालकीच्या हकीमसाहेबांकडे नेलं. हकीमसाहेबांनी डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "दवा कुछ नक्को मास्तर. बकरी का दूध पिलाव. ताजा, निकाला वैसाच."

अक्कानं ऐकलं आणि हातातली पळी खाली ठेवली. "शेळीचं दूध? आपल्या घरात?"

"हकीम म्हणालेत, अक्का," गुंडेराव चाचरत म्हणाले.

"मग अंगणात पाजा. माझ्या चुलीवर ते भांडं चढणार न्हाई."

सुमती वाद घालत बसली नाही. वेशीबाहेर धनगरांची चार घरं होती. त्यातल्या गुरुबाईकडं ती तशीच, लुगड्याचा पदर खोचून गेली. गुरुबाई पन्नाशीची, सगळा जन्म शेळ्यामेंढ्यांत गेलेला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"दूध न्यायला काय, रोज न्या की बाई. पर तुमच्या घरापस्तोर जाईस्तोर ते निवतंय. त्यापरीस शेळीच न्या. ही काळी बघा. गरीब हाय, मारत न्हाई. लेकरू बरं झालं की आणून बांधा."

काळी शेळी लांब कानांची होती आणि एका कानावर चुना उडाल्यासारखा पांढरा ठिपका होता. सुमतीनं दावं हातात घेतलं आणि गावातून भर दुपारी निघाली. दाराआडून बायका बघायला लागल्या. दुकानाच्या ओट्यावर बसलेले शिवशंकरप्पा उठून उभेच राहिले.

"मास्तरीणबाई, शेळी कुणाची? कुठं चालवलाव?"

"आमची! घरी चाललेय!" सुमती इतक्या मोठ्यानं म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

पहिल्या दिवशी धार काढायला बसली तर शेळीनं तांब्या लाथेनं उडवला. दुसऱ्यांदा उडवला. गुरुबाई अंगणाच्या कडेला उकिडवी बसून हसत होती. "म्हशीवानी वढायलाव कामून? आंगठ्यानं वरून दाबा, मग खाली चेपा. आन् डोस्कं तिच्या कुशीला लावा. तिला कळूं द्या कोण हाय ते." सुमतीनं कपाळ त्या ऊबदार कुशीला टेकवलं, अंगठा आणि बोट वर आवळलं, मूठ मिटली, आणि तांब्यात चर्रकन् धार वाजली. "आली! अहो, आली!" ती ओरडली. गुंडेराव धोतर सावरत पळत बाहेर आले, काहीतरी लागलं असं समजून.

वृंदा वाटीभर दूध प्यायली. सुमती, गुंडेराव आणि गुरुबाई तिच्याकडं टक लावून बसली. घटका गेली, दोन घटका गेल्या. उलटी नाही. मग पोरगी म्हणाली, "अजून." अक्कानं स्वयंपाकघरातून वाटी धुवायला गरम पाणी आपणहून उंबऱ्याबाहेर सरकवलं.

शेळीचं नाव सुमतीनं तुंगा ठेवलं.

"नदीचं नाव शेळीला?" अक्का कडाडली.

"दूध वाहतंय की तिचं," सुमती म्हणाली.

संक्रांतीपर्यंत वृंदा अंगणात पळायला लागली. शेळी परत बांधायला सुमती गेली खरी, पण गुरुबाईच्या दारात तिचा पाय अडला. गुरुबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "जावा घेऊन. ती तुमचीच झालीय."

मग सुमतीला वेडच लागलं. बाभळीच्या शेंगा कुठं पडल्यात, कुणाच्या बांधाला बोर आहे, पावसात ओल्या गवतानं पोट कसं फुगतं, खूर वाढले की कशानं कापायचे, सगळं ती गुरुबाईला खोदून खोदून विचारायची. गुंडेरावांनी निजामाच्या वेळी सगळं गणित उर्दूतून शिकवलेलं. आता मराठीतून शिकवायचं म्हणून त्यांनी मराठी शब्दांची एक वही केली होती. ती तुंगानं खाल्ली. "अपूर्णांक सगळे गेले," गुंडेराव हताश होऊन म्हणाले, "फक्त बेरीज राहिलीय." सुमतीला हसू आवरेना. तुम्ही सांगा, मी वही पुन्हा लिहिते म्हणाली, आणि चार दिवसांत लिहूनही दिली.

चैत्रात तुंगा फळली. भाद्रपदात विणार, असा गुरुबाईनं हिशोब सांगितला आणि नेमकी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी ती लेकीकडं, जवळच्याच मेहकर गावी गेली. जाताना म्हणाली, "अजून चार-सा दिवस हाइत. भिऊ नका."

महालक्ष्म्यांचा दिवस उजाडला. घरात दोन्ही देव्या उभ्या केलेल्या, नव्या लुगड्यांत, दागिन्यांत. सोळा भाज्या चिरायच्या, पुरण वाटायचं, आंबील करायची. सुमती आणि अक्का पहाटेपासून ओल्या लुगड्यानं चुलीपुढं. भालकीहून पुरोहित अण्णाराव येऊन बसलेले. पुरण नुकतंच उतरवलं, तेवढ्यात अंगणातून तुंगाचा आवाज आला. एरवी ती मोठ्यानं ओरडायची. आज हळू, घशातल्या घशात. सुमतीनं खिडकीतून पाहिलं. तुंगा पुढच्या पायानं जमीन उकरत होती. शेपटीजवळ दोन्ही बाजूंना खळगे पडले होते.

"अक्का, ती विणार."

"विऊ दे. शेळ्या आपल्या आपण वितात. पोळ्या लाट."

सुमतीनं चार पोळ्या लाटल्या. पाचवी लाटताना हात थांबला. पुन्हा खिडकीशी गेली. तुंगा आडवी पडून कळा देत होती आणि मागून दोन काळे खूर दिसत होते. फक्त खूर. खुरांवर नाकाचं बोंड दिसायला हवं, हे तिला गुरुबाईनं दहा वेळा सांगितलं होतं. सुमतीनं श्वास धरून वाट पाहिली. एक कळ गेली, दुसरी गेली. नाक नाही.

तिनं लाटणं टाकलं.

"सुमती! सोवळं मोडतंय! देव्या उपाशी बसल्यात!"

"माझ्या अंगणात ती मरायलीय, अक्का!" असं आजवर ती अक्कापुढं कधी बोलली नव्हती. ती उंबरा ओलांडून पळाली. बांगड्या काढून कट्ट्यावर ठेवल्या, करडईचं तेल कोपरापर्यंत चोपडलं आणि तुंगाच्या मागं गुडघ्यावर बसली. गुंडेराव सोवळ्यातच तुंगाचं डोकं धरायला वाकले, रक्त पाहिलं आणि भिंतीला टेकून मटकन् खाली बसले. अण्णाराव पोथी घेऊन दाराशी आले आणि आल्या पावली परत आत जाऊन बसले.

सुमतीचा हात आत गेला. ऊब, ओल, आणि आवळणारं काहीतरी. पाय लागले, गुडघे लागले. डोकं? डोकं मागं वळलेलं होतं, कुशीकडं. तिनं ओढायला बोटं नेली आणि तुंगा किंचाळून उठायला लागली.

"ओढू नको!" दारातून अक्काचा आवाज आला. "आधी पाय मागं सार. कळ थांबली की सार. माझ्या सासरी गाईचं असंच झालं होतं, मी पाहिलंय."

"ती उभी राहायलीय अक्का, मला धरवेना!"

मग अक्का ओल्या सोवळ्यानं पायऱ्या उतरली, चिखलात मांडी घालून बसली आणि तुंगाचं डोकं छातीशी घट्ट धरलं. "न्हाईन मी पुन्हा. तू बघ. थांबली का कळ?"

"थांबली."

"सार मागं. आता जबड्याखाली बोटं घाल आणि पुढं वळव. सावकाश."

सुमतीनं डोळे मिटले. बोटांना दात लागले, भाताच्या शितांएवढे. त्यामागं जबडा. तिनं तो तळव्यात घेतला, वळवला, आणि डोकं एकदम सुळ्ळकन् जागेवर आलं. पुढची कळ आली तसं नाक दिसलं, कपाळ दिसलं, आणि करडू तिच्या मांडीवर घसरलं. हलेना. सुमतीनं त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, पदरानं खसाखसा पुसलं. करडू शिंकलं.

"शिंकलं!" अक्का ओरडली. सुमतीनं अक्काला ओरडताना पुष्कळदा ऐकलं होतं, पण असं नाही. "गुंडू, अरे शिंकलं बघ!"

मग सुमतीनं ओढायच्या आत दुसरं आपणहून आलं. थोड्या वेळानं तिसरंही. तीन! दोन पाटी, म्हणजे माद्या, आणि एक बोकड. वृंदा टाळ्या पिटत अंगणभर नाचत होती. तुंगा उठली आणि एकेकाला चाटायला लागली, मधूनच अक्काचा हातही चाटला. अक्कानं तो मागं घेतला नाही.

दोघी पुन्हा न्हाल्या. नैवेद्याला अडीच तास उशीर झाला आणि पुरणपोळ्या सोळाच झाल्या. अण्णारावांनी तोंड वाकडं केलं तेव्हा अक्का त्यांना म्हणाली, "लक्ष्मीच्या दिवशी घरात तीन जीव आले. आणखी कोणता नैवेद्य पाहिजे?" आणि त्यांच्या पानात तूप जरा जास्तच वाढलं.

गावात ही गोष्ट संध्याकाळच्या आत पसरली. आधी धनगरांच्या बायका आल्या, मग लिंगायतांच्या, मग ठाणाकुशनूरहून एकजण आला. शेळी अडली की "मास्तरीणबाईचा हात बारीक हाय, बोलवा" असं होऊन बसलं. सुमतीकडं तीन वर्षांत अकरा शेळ्या झाल्या. गुंडेरावांनी वह्या माळ्यावर ठेवायला सुरुवात केली.

एका सकाळी मेहकरचे माणिकप्पा बैलगाडी दामटत आले. "मास्तरीणबाई, आमची शेळी रातीपासून अडलीय, चला!" सुमतीनं गुंडेरावांकडं पाहिलं. ते म्हणाले, "जा, मी वृंदाला शाळेत नेतो." गाडी उडत, आदळत निघाली. मेहकरात शेळीपुढं पंचवीस बायका गोळा झाल्या होत्या. सुमतीनं पाहिलं, एकच पाय मागं राहिलेला. घटकाभरात करडू बाहेर आलं, आणि गलका उठला. ती हात धुवून गाडीकडं निघाली तर एका म्हातारीनं पदर धरला.

"बाई, आल्याच हाव तर आमची बघा की. कास सुजलीय."

तिच्या मागं दुसरी उभी होती, शेळीचं दावं धरून. तिच्या मागं तिसरी. गल्लीच्या टोकापर्यंत शेळ्याच शेळ्या ओरडत होत्या. सुमतीनं बांगड्या पुन्हा काढल्या, पदर खोचला आणि म्हणाली, "एकेक आणा, ग. त्या ठिपक्याच्या शेळीला आधी आणा, ती लंगडायलीय."