रिकामा चौकोन

१२ ऑक्टोबर. परवा रंगारी येणार, म्हणून माळा रिकामा करायला घेतला. खाली कबाडीवाला हाका मारत होता. शिडीवरून लेकीने एक गठ्ठा खाली धरला. “मम्मी, ये भी रद्दी में दूँ?” ती माझी कादंबरी होती. “ठेव तिकडे,” मी म्हटलं, आणि फुटक्या बादल्या बाहेर काढल्या.

त्या गठ्ठ्यात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटच्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने आखलेला एक तक्ता आहे. त्यात तीन चौकोन: लिहिले, तपासले, मंजूर. ही पेन्सिलकाकांची करामत. काका इथल्याच मानक नगरला रेल्वेच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये होते. उभा जन्म पुलांचे नकाशे काढले आणि निवृत्तीनंतर तिथेच जवळ खोली घेऊन राहिले. खिशात दोन पेन्सिली असत, रेषेसाठी कठीण आणि दुरुस्तीसाठी मऊ. मुलांनी ठेवलेलं नाव मग आम्हा मोठ्यांच्या तोंडीही बसलं.

दर रविवारी नऊ वाजता ते या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या खोलीत मुलांना मराठी लिहायला शिकवत. मुलं मराठीत ऐकत आणि हिंदीत उत्तरं देत. माझी लेक तीन रविवारांत पळाली. तिची वही परत आणायला गेले, तर काका म्हणाले, “बाई, मागच्या पानांवर जे लिहिलंय ते मुलीचं नाही. पुढचं कुठे आहे?” त्या वहीत मागे वाण्याच्या याद्यांखाली मी काहीबाही लिहीत असे, ते त्यांनी वाचलं होतं. पुढचं नव्हतंच. पुढच्या रविवारी घेऊन गेले.

त्यांनी कधी ‘छान’ म्हटलं नाही. विचारायचे, “हा माणूस खोलीत आला कुठून? दार कुठे आहे?” किंवा, “ही बाई रडतेय, पण चुलीवर काय आहे?” मी चिडून म्हणायची, “काका, कादंबरी आहे, नकाशा नाही.” “अच्छा? मग भिंतीशिवाय छप्पर टाका. बघू.” घरी येऊन मी मुकाट्याने दार घालायची. प्रकरण सुधारलेलं असायचं, हे आणखी चिडवणारं.

एका जानेवारीत सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि मी दोन रविवार गेले नाही. तिसऱ्या रविवारी धुक्यातून, दोन ऑटो बदलून, काका विकास नगरला आमच्या दारात हजर. कानटोपी, मफलर, आणि पहिला शब्द, “पानं?”

“काका, हातात बथुआ आहे, आत आजारी माणूस आहे. पानं कुठली?”

“हात अडकलेत ना? तोंड मोकळं आहे. बोला, मी उतरवून घेतो.”

मी भाजी निवडत सांगत गेले आणि त्यांनी नकाशावरच्या उभ्या अक्षरांत नववं प्रकरण उतरवून घेतलं. आतून सासूबाई ओरडल्या, “अगं, त्या नवऱ्याला जरा कमी वाईट कर!” काकांनी तेही समासात टिपलं.

चार वर्षांत सोळा प्रकरणं झाली. सोळाही प्रकरणांवर ‘तपासले’समोर काकांची सही होती. ‘मंजूर’ मात्र कोरं. मी समजून बसले होते की माणूस भिडस्त आहे, तोंडावर सांगत नाही, पण लिखाण काही त्यांना पसंत नाही. तरी लिहीत राहिले, कारण रविवारी कोणीतरी “पानं?” विचारणार होतं.

मग काकांचे गुडघे गेले आणि मुलीने त्यांना अमरावतीला बोलावलं. चारबाग स्टेशनवर पोचवायला गेले, तेव्हा गाडी सुटता सुटता विचारलंच. “काका, एकही प्रकरण मंजूर करण्यासारखं नव्हतं?”

“अहो बाई, चार वर्षं माझ्या सहीसाठी थांबलात? ज्याने तपासलं त्याने मंजूर करायचं नसतं. तो आमच्याकडे पहिला नियम.”

“मग कोणी करायचं?”

“पूल पडला तर ज्याला बोलावतात, त्याने.”

उत्तर कळलं होतं. घरी येऊन मी गठ्ठा माळ्यावर टाकला. भ्याले, सरळ लिहिते. दुसऱ्याने नापसंत केलेलं सहन होतं. स्वतः सही करून बाहेर पाठवायचं म्हणजे मग बोलावणं मलाच येणार.

दर रविवारी नऊला अमरावतीहून फोन येई. “मंजूर?” “घरात कामं आहेत, काका.” “अच्छा.” पुढे तब्येत, हवा, आंबे. यंदा जूनमधल्या एका रविवारी फोन आला नाही. मंगळवारी त्यांच्या मुलीचा आला. मी विचारायचं ते विचारलं, सांत्वनाचं बोलले आणि कुकर लावला. त्यानंतर रविवारी नऊ वाजता मी मुद्दाम बाजारात जाते.

आज माळा रिकामा झाला. कबाडीवाला गेला. गठ्ठा जेवणाच्या टेबलावर आहे.

१३ ऑक्टोबर. सकाळी डबे भरून झाल्यावर शाईचं पेन घेऊन बसले. सगळं वाचलं. पंधरा प्रकरणांवर ‘मंजूर’समोर सही केली. सातव्यावर केली नाही. त्यात नवरा घरात शिरतो, पण दार कुठेच नाही. काकांच्या नजरेतून ते निसटलं होतं. कोरा कागद ओढला आणि दारापासून सुरुवात केली.