गवईबुवांचं मौन

देवानं बोलण्याची हौस वाटायला काढली, तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी अख्खं पोतंच उचलून आणलं असणार. शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीतल्या तीन मजली घरात मधे आम्ही आणि वर ते. ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. गृहस्थ मूळचे वेल्सचे. चुकून कुणी त्यांना इंग्लिश म्हणालं की संपलंच! बिचाऱ्या पोस्टमनला त्यांनी भर बर्फात उभं करून इंग्लंड कुठे संपतं आणि वेल्स कुठे सुरू होतं ते समजावलं होतं. वडील कोळशाच्या खाणीत, स्वतः लहानपणी चर्चमध्ये गाणारे, आणि साठच्या दशकात तिकडे त्यांची एक रेकॉर्ड तुफान गाजलेली. एकच. तिच्या जोरावर अमेरिका जिंकायला आले, आणि मी ओळखायला लागले तोवर एका हॉटेलच्या बारमध्ये शुक्रवार-शनिवार गात होते. सोल, म्हणजे आत्मा, म्हणतात त्या गाण्याला. "सोल गळ्यातून गात नाहीत, आतड्यातून गातात," असं सांगून ते पोटावर थाप मारायचे, आणि पोटही थाप मारण्याजोगंच होतं.

तऱ्हा तरी किती सांगू! तळघरात सगळ्या बिऱ्हाडांची कपडे धुण्याची मशिनं होती. तिथे आवाज घुमतो म्हणून यांचा रियाज तिथे. नुसतं उभं राहून गाणं बरं दिसत नाही, म्हणून धुतलेलेच टॉवेल पुन्हा मशिनमध्ये टाकायचे. जुलैच्या उकाड्यात गळ्याला मफलर. तरुणपणच्या, भरघोस केसांच्या फोटोंची खोकी घरात शिल्लक होती, त्यामुळे साखर न्यायला आले की रिकाम्या वाटीबरोबर सही केलेला फोटो परत यायचा. असे अकरा फोटो आमच्याकडे साठले. आमचे हे वैतागून म्हणायचे, "अगं, साखर हवी तेवढी दे, पण फोटो नको म्हणावं!"

आणि एका ऑक्टोबरात त्यांचा आवाज बसला तो बसलाच. घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. हॉटेलच्या मॅनेजरनं सांगितलं की नाताळापर्यंत जागा ठेवतो, पुढे मात्र दुसरा गायक बघावा लागेल. त्यांनी आमच्या मुलीची पाटी मागून घेतली आणि तिच्यावर लिहिलं, "गाणं गेलं तर मला दुसरं काहीच येत नाही." एरवी मी त्यांची थट्टा करायची, पण त्या दिवशी वाटीभर साखर मीच वर नेऊन दिली.

पण जित्याची खोड! घरी फोन वाजला की स्वारी उचलून "हॅलो" म्हणून मोकळी. शेवटी आमच्या ह्यांनी तोडगा काढला, दिवसभर आमच्याकडे बसवायचं, सासूबाईंच्या पहाऱ्यात. सासूबाई कऱ्हाडहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. इंग्रजीचा गंध नाही. आम्ही कामावर गेलो की खिडकीशी बसून जाणाऱ्या गाड्या बघत राहायच्या. आता ही दोघं एकमेकांशी करणार काय, याची मला काळजी. पण त्यांच्या माहेरगावी कुणी बुवा चातुर्मासात मौन धरायचे, त्यामुळे मौन म्हटल्यावर हे गृहस्थ त्यांना लगेच आपले वाटले. त्यांचे ते 'गवईबुवा' झाले. तोंड उघडायचा अवकाश, "बुवा, तोंड!" म्हणून काउंटरवर लाटणं आपटायचं. ज्येष्ठमधाची काडी चघळायला द्यायची. मेथी निवडायला बसवायचं. पहिल्या दिवशी बुवांनी पानं टाकून काड्या ठेवल्या. "असू दे, शिकेल हो!" म्हणाल्या. माझी मेथी अशी वाया गेली असती तर मला काय काय ऐकावं लागलं असतं!

चार आठवडे बरे गेले. एका दुपारी मी लॅबमधून लवकर आले, तर जिन्यातच गाण्याचे पुसट सूर ऐकू आले. माझं डोकंच फिरलं. "केलंत ना वाटोळं!" असं ओरडतच मी दार उघडलं. बुवा ओठ घट्ट मिटून, मांडीवर ताल धरून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. गात होत्या त्या सासूबाई. देवळात म्हणतात तसलं कुठलं तरी पद, पण काय तो सूर! लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि मी त्यांना गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. मला बघताच अर्ध्या ओळीवर थांबल्या. "भात लावायचाय," म्हणाल्या. नंतर ह्यांच्याकडून कळलं की त्या माहेरी गायला शिकल्या होत्या, आणि सासरी पहिल्याच आठवड्यात त्यांच्या सासऱ्यांनी ते बंद केलं होतं. "मग बुवांपुढे कशा गायलात?" मी सासूबाईंना विचारलं. "तो कुणाला सांगायचा नाही, म्हणून," एवढंच बोलल्या.

सहा आठवडे झाले. बुवांनी तळघरात आवाज लावला, आम्ही सगळे जीव मुठीत धरून उभे. खालचे सूर आले. वर जाताना मात्र नुसती हवा. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा तेच. डॉक्टरांनी मान हलवली. हॉटेलवाल्यांनी दुसरा गायक घेतला आणि बुवांनी वेल्सला बहिणीकडे जायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी बॅग घेऊन खाली आले. घोगऱ्या आवाजात मला म्हणाले, "त्यांना म्हणावं, एकदा गा. माझं आता काही व्हायचं नाही." मी सांगितलं. सासूबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "तुझ्यासमोर नाही गं जमायचं." रागानं नव्हे. पण मला फार लागलं ते. मी कोट चढवला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

 मग आत सूर लागला. बंद दारातून शब्द कळत नव्हते, आवाज तेवढा वर वर चढत होता, कुठेही न अडखळता. खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला, पुन्हा दिला. मी डोळे पुसत, बर्फातून घसरत त्याच्याकडे धावले आणि चक्क मराठीतच म्हणाले, "थांब रे बाबा, त्यांचं संपू दे."