लाल शिक्क्यावरची यमाई

‘एल्डरली’ म्हणजे वयस्कर, म्हातारपणाकडे झुकलेला. हा शब्द मी स्वतः सातवीच्या वर्गाला शिकवला आहे. फळ्यावर आजी-आजोबांचं चित्र काढायचं, खाली तो शब्द लिहायचा आणि पोरांकडून पाच वेळा म्हणवून घ्यायचा. त्यामुळे सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासून शेजारच्या सिस्टरना “एल्डरली प्रायमी, हाय रिस्क, प्रेशस बेबी, लिहून घ्या,” असं सांगितलं तेव्हा मला ‘एल्डरली’चा अर्थ विचारावा लागला नाही; ‘प्रायमी’ म्हणजे पहिलटकरीण, हे सिस्टरनी सांगितलं. लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा दिवस राहिले होते. त्या आनंदात मी दवाखान्यात पेढ्यांचा पुडा घेऊन गेले होते. तो पिशवीतच राहिला आणि घरी आल्यावर मी एकटीनं त्यातले चार खाल्ले, रागानं.

आष्ट्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. आमचे हे फौजेत होते. वर्षातून एकदा-दोनदा सुट्टी, त्यातली निम्मी उसाच्या लागणीत आणि पाहुण्यारावळ्यांत जायची. हवालदार म्हणून ते पेन्शनीवर आले तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. तोवर औषधं झाली होती, उपासतापास झाले होते, आणि मूल हा विषय आमच्या घरात कुणी काढेनासं झालं होतं. मग हे असं अचानक. सासूबाईंना आनंदानं रडू आवरेना. मला मात्र आनंदाइतकीच लाज वाटत होती, हे आज कबूल करते. पालकसभेला येणाऱ्या बायका माझ्याहून दहा-दहा वर्षांनी लहान, त्यांची पोरं माझ्या वर्गात. कुणी मायेनं “कितवा म्हयना, बाई?” विचारलं तरी मला ते “कितवं वर्ष?” असंच ऐकू यायचं.

त्यात उपकेंद्रातून मिळालेल्या माता-बाल कार्डावर लाल शाईचा ठसठशीत शिक्का बसला, ‘अतिजोखमीची माता’. कार्ड कुठंही काढलं की आधी तो शिक्का दिसायचा आणि मग मी. सगळ्या नर्सबाया एकदा शिक्क्याकडे आणि एकदा माझ्या केसांकडे बघतात, अशी माझी खात्रीच झाली होती. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या डोंगरावरची यमाई ही आमची कुलदेवी. कपाटाच्या दाराला लावायला आणलेलं तिचं एक स्टिकर घरात उरलं होतं. एके दिवशी मी ते त्या शिक्क्यावर चिकटवलं, नीट, चारी कडा दाबून. हात जोडून म्हटलं, आई, आता तूच हे झाकून घे. मला वाटलं, ही माझी भक्ती.

सातवा महिना लागला तसा सासूबाईंनी विषय काढला. आमच्या घरात सातव्यात देवीच्या पायथ्याशी हिरवा चुडा भरतात आणि मग वर जाऊन ओटी भरतात. मंगळवार ठरला. त्याच मंगळवारी माझी तपासणीची तारीख होती. हे म्हणाले, “बाई, डाक्टरांनी दिलेली तारीख म्हंजे हुकूम असतोय. देवी काय, बुधवारी बी तिथंच असती की.” ते मला घरातसुद्धा बाईच म्हणतात, चेष्टेनं. मी त्यांनाच गप्प केलं. खरं सांगायचं तर देवीचं निमित्त होतं. मला त्या दवाखान्यात जाऊन पुन्हा ते शब्द ऐकायचे नव्हते. आणखी एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. तीन दिवस माझं कपाळ ठणकत होतं आणि वह्या तपासताना अधूनमधून डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. उन्हाचं असेल, जागरणाचं असेल, अशी मीच माझी समजूत घालत होते. पाय सुजले होते, पण दिवस गेल्यावर पाय सुजतातच, असं जो तो सांगत होता.

पायथ्याला ओटीच्या सामानाची दुकानं आहेत. त्यांच्या शेवटी एक कासारीण बसते. पन्नाशीची असेल, अंगानं किरकोळ, डोळ्याला जाड चष्मा. हे नारळ आणायला गेले, सासूबाई माझ्याजवळ बसल्या आणि मी हात पुढे केला. कासारणीचं काम आपण कधी नीट बघत नाही. ती मापाची बांगडी नुसती अडकवत नाही. आधी हात हातात घेते, अंगठ्याच्या मुळाशी दाबते, बोटं एकमेकांवर घेऊन हात मऊ करते आणि मग आपल्याला कळायच्या आत बांगडी मनगटात जाते. तिनं माझा हात दाबला आणि थांबली. पुन्हा दाबला, या खेपेला पालथ्या हातावर अंगठ्यानं. तिथं खळी पडली आणि ती भरून यायला बराच वेळ लागला. तिनं दुसरा हात मागितला. मग चष्मा वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं.

“डोस्कं दुकतंय का?” तिनं विचारलं.

मी नाही म्हणणार होते. पण तिचा अंगठा अजून माझ्या हातावरच होता. “तीन दिवस झाले,” मी म्हणाले.

तिनं काढलेला चुडा परत दोऱ्यात ओवला. सासूबाई चपापल्या. “आवं, भरा की. सातवा हाय, वर वटी भरायचीय.”

“न्हाई भरत, आक्का,” ती शांतपणे म्हणाली. “चढत्याल बांगड्या. पन आज घातल्या तर उद्या दवाखान्यात वाढवाय लागत्याल. आदी हिला दवाखान्यात न्या.”

बांगडी फुटली असं आमच्याकडे म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, आणि सवाष्णीच्या चुड्याबद्दल तेवढंही कुणी बोलत नाही. देवीच्या दारात भरल्या पोटाच्या बाईला कासारीण असं बोलते म्हटल्यावर सासूबाई ताडकन उठल्या. मलाही राग आला. आजवर डॉक्टर बोलत होते, शिक्का बोलत होता, आता बांगडीवालीसुद्धा मला आजारी ठरवायला लागली, असं वाटलं. तिनं वाद घातला नाही. शेजारणीला दुकानाकडे बघायला सांगितलं, चपला घातल्या, हे नारळ घेऊन परत आले तर त्यांना म्हणाली, “दादा, गाडी काडा, मी येती संगं.” फौजी माणसाला खणखणीत हुकूम बरोबर कळतो. त्यांनी लगेच गाडी काढली.

गाडीत ती माझ्या शेजारी बसली. सासूबाई पुढं धुसफुसत होत्या. तेव्हा ती कुणाकडेच न बघता बोलली, “माज्या थोरलीचा हात असाच व्हता. मला वाटलं, अंगानं भरलीया. मीच चुडा भरला, हसत हसत. चार दिसांत लेक बी ग्येली आन् प्वॉर बी.” सासूबाईंचं धुसफुसणं थांबलं. त्यांनी मागं हात करून माझा गुडघा धरला, तो दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

औंध गावातल्या सरकारी दवाखान्यात बायकांची रांग होती. सिस्टर दारातच कासारणीला म्हणाल्या, “मावशी, आज कुणाला आणलंत?” म्हणजे हे नेहमीचंच होतं. त्यांनी माझं कार्ड मागितलं, उलटसुलट करून बघितलं. शिक्का दिसला नाही. “पहिलं का? वय किती? काही त्रास सांगितलाय का याआधी?” त्या विचारत होत्या आणि मी त्यांच्या हातातल्या कार्डाकडे बघत होते. कार्डावरून यमाई माझ्याकडे बघत होती. मी तिला कशाच्या राखणीला उभी केली होती, ते त्या क्षणी मला कळलं.

मी कार्ड परत घेतलं आणि नखानं स्टिकरचा कोपरा उचलला. चारी कडा मीच दाबल्या होत्या, लवकर निघेना. निघताना देवीचा मुखवटा अर्धा फाटला. खाली लाल अक्षरं होती. “बेचाळीस पूर्ण,” मी म्हणाले. “पहिलटकरीण. डोकं तीन दिवस दुखतंय. डोळ्यांपुढं काजवे येतात. आज सांगलीला तपासणी होती, मी बुडवली.” हे सगळं मी एका दमात बोलले. आयुष्यात देवीपुढे इतकं खरं मी कधी बोलले नव्हते.

चढलेला रक्तदाब बघून सिस्टरनी दुसऱ्यांदा पट्टा गुंडाळला आणि मग डॉक्टरांना हाक मारली. पुढचं भराभर झालं. दोन्ही कुल्ल्यांत जाळ करणारी इंजेक्शनं, झटके येऊ नयेत म्हणून. मग रुग्णवाहिका, मग सातारा. डॉक्टर ह्यांना सांगत होते की आणखी एखादा दिवस गेला असता तर बाळ आणि आई दोघांचंही सांगता आलं नसतं. डोंगराच्या पायऱ्या मी चढले नाही. वर देवी आणि खाली मी, अशीच आमची भेट झाली. रुग्णवाहिकेत मी काही मागितलं नाही, नवस बोलले नाही. आई, तुझ्या मनात असेल ते कर, पण आता मी काही झाकणार नाही, एवढंच मनात होतं. आणि खरंच सांगते, तीन दिवसांत पहिल्यांदा मी शांत पडून राहिले.

बाळाची फुप्फुसं पक्की व्हावीत म्हणून दोन दिवस औषधं दिली आणि मग ऑपरेशन झालं. मुलगी. दीड किलोहूनही कमी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि पेटीला कागद लावला होता, ‘मुदतपूर्व, कमी वजन, अतिदक्षता’. पहिल्यांदा तिला बघायला गेले तेव्हा मी तो कागद तीनदा वाचला. राग आला नाही. तिथल्या सिस्टर येता-जाता तो कागद वाचायच्या आणि वाचून पेटीपाशी थांबायच्या. मला माझी शाळा आठवली. कित्येक वर्षं मी पोरांच्या नावापुढे ‘अप्रगत’ लिहीत आले. ज्याच्यापुढे लिहायचे त्याला पहिल्या बाकावर घ्यायचे, त्याच्याकडे जास्त बघायचे. पण त्या पोराला तो शब्द कसा लागत असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. आता मी तो शब्द लिहिते त्या दिवशी पोराला जवळ बसवून सांगते की मला तू पटकन सापडावास म्हणून मी हे लिहिलंय.

साडेपाच आठवड्यांनी लेक घरी आली. पाच महिन्यांची झाल्यावर आम्ही औंधला गेलो. कासारणीच्या पायावर तिला घालायचं आणि काय बोलायचं, याची वाक्यं मी रस्ताभर जुळवली होती. ती कामात होती. एका पोटुशा पोरीचा हात हातात घेऊन दाबत होती. चष्म्यावरून आमच्याकडे बघून म्हणाली, “बसा. नात लय ग्वाड हाय.”

ह्यांनी घाबरून माझ्याकडे बघितलं. मला हसूच आलं. “नात न्हाई मावशी, लेक हाय. माझीच,” मी म्हणाले, आणि तो मंगळवार सगळा सांगितला. तिनं ऐकून घेतलं, पण त्या पोरीचा हात सोडला नाही. “व्हय? बरं झालं बाय,” ती म्हणाली. “लय जणी येत्यात, कुणाकुणाला ध्यानात ठिवू? जरा दम धरा, हिचं बगती.” आणि पुन्हा अंगठ्यानं त्या पोरीचा पालथा हात दाबून खळी भरते का ते बघायला लागली.

मी बाकड्यावर बसून राहिले. देवीनं मला ओळखावं, माझं नाव ध्यानात ठेवावं, म्हणून मी इतकी वर्षं देवळात जात होते. या बाईला मी आठवतसुद्धा नव्हते, आणि तिनं मला दिलेलं सगळं माझ्या मांडीवर हातपाय झाडत होतं.