पालखी थांबते तो गडगा

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की बाबांची कमाई बंद. आमचं छप्पर गळायचं, म्हणून मी पुस्तकं घेऊन समोरच्या हसीनाखालाच्या ओटीवर बसायचे. तिथं बसूनच बी.ए. झाले. घरातली पहिली. आता भाषांतरं करते.

एका संस्थेला मुरुडच्या गल्ल्यांत माहितीच्या पाट्या लावायच्या होत्या. इंग्रजी त्यांचं, मराठी माझं. एक पाटी खालाच्याच गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर. आम्हा कोळ्यांची पालखी मशिदीजवळच्या वळणावर, त्या गडग्यापाशीच थांबते. इंग्रजी मथळ्यात ‘टॉलरन्स’ होतं. मी लिहिलं, ‘सहिष्णुतेची गल्ली’. प्रूफ घेऊन खालाची परवानगी मागायला गेले.

“म्हंजे काय गो?”

सांगितलं. संस्कृतातला ‘सह्’, म्हणजे सोसणं. इंग्रजी शब्दही लॅटिनमधल्या सोसण्यातूनच आलेला.

खालानं चष्मा काढला. “तुमची पालखी आम्ही सोसतो? माझ्या गडग्यावर नको ही पाटी.”

“मग उर्दूतला ‘रवादारी’? फारसीत रवा म्हणजे योग्य, चालण्याजोगं. दुसऱ्याचं चालू देणं.”

“चालू देनारी मी कोन? ती आपली येते.”

समोर आमच्या दारातून आई हसली. “व्हय तर! न्हाय आली तर हीच पयली इचारंल.”

संस्थेच्या सरांना फोन केला.

“मॅडम, शब्द कोशात आहे ना? मग प्रॉब्लेम काय?”

“खाला लावू देत नाही, सर.”

“दुसरी भिंत बघा. नाहीतर ही पाटी रद्द.”

“पालखी दुसऱ्या भिंतीपाशी थांबत नाही. एकदा येऊन बघा.”

पालखीच्या संध्याकाळी ते आले. वळणावर अजान सुरू झाली आणि ढोल थांबले. पालखी खांद्यांवर तशीच, पाण्यात उभ्या होडीसारखी हलके झुलत. धुपाचा धूर माडांत अडकून राहिला. समुद्र एकदम जवळ आल्यासारखा ऐकू येऊ लागला. खाला तांब्या घेऊन उतरली, एकेका भोयाच्या पायांवर पाणी घातलं. अजान संपली. तरी ढोलकऱ्यानं टिपरू उचललं नाही. तो खालाकडे बघत होता, सगळी गल्लीच बघत होती.

“चला रे,” खाला म्हणाली. ढोल वाजला.

सर हळूच म्हणाले, “मॅडम, हेच लिहा.”

लिहिलं: ‘इथे पालखी थांबते. या घरातून “चला” म्हटलं की निघते.’ सहिष्णुता, रवादारी आणि त्यांची मुळं खाली बारीक अक्षरांत गेली. खालानं वाचलं आणि खिळे कुठं ठोकायचे ते स्वतः दाखवलं.

शब्दाचं मूळ कोशात सापडतं. तो कुठे लावायचा, ते मात्र भिंतीच्या मालकाला विचारावं.

पाटी अजून गडग्यावर आहे. तळाशी भाषांतरकार म्हणून माझं नाव आहे. आमच्या घरातलं छापलेलं पहिलं नाव.