संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये मासे कोणी सोडले

मी चौथीपर्यंत शिकलो. चौथी पास की नापास ते सांगत नाही, कारण निकालाच्या दिवशी मी तलावावर होतो. पण सही ठसठशीत करतो, आणि गावच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष मी सलग सोळा वर्षं होतो. लिहिण्यात काही चुकलं तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं. तलावाबद्दल जे लिहीन त्यात चूक निघणार नाही.

संस्थेला कॉम्प्युटर मिळाला कुठल्याशा योजनेतून. ज्या खोलीत आम्ही जाळी ठेवायचो ती रिकामी करून त्याला बसवला. माशाचा वास भिंतीत मुरलेला होता, तो त्याला सोसून घ्यावा लागला. नेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, आलं तर. लाईटचंही तसंच, भारनियमन इतकं होतं की लाईट आहे असं दिसलं की लोक हातातलं काम टाकून पीठ दळायला पळत. कॉम्प्युटर चालवायला माझी सून. तिनं लग्नाआधी ब्रह्मपुरीला सहा महिन्यांचा कोर्स केलेला. सोयरीक जमवताना तिच्या बापानं हे अभिमानानं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं होतं की आम्हाला जाळं विणणारी पाहिजे. तिला दोन्ही येत होतं.

अडचण होती खुर्चीची. आमच्याकडे सून सासऱ्यापुढे खुर्चीवर बसत नाही. बाजारात टोपली घेऊन चार गावं फिरेल, भावावरून पोलीस पाटलाला गप्प करेल, पण सासरा दिसला की उभी राहील. आणि उभ्यानं काही टाईप होत नाही. यावर मी तोड काढली. मी उंबरठ्यावर बसायचो, तोंड रस्त्याकडे, पाठ कॉम्प्युटरकडे. पाठ फिरवली म्हणजे मी तिथं नाही. मग ती बसायची. पडद्यावर काय आहे ते ती वाचून सांगायची, आणि मी रस्त्याकडे पाहत हुकूम सोडायचो. संस्थेचा कारभार दोन वर्षं असा चालला.

तर मासे. सून आठ दिवस माहेरी गेली होती आणि खोलीची किल्ली माझ्याकडे होती. कॉम्प्युटर चालू करणं मला पाहून पाहून येत होतं. नेटही कसं कोण जाणे त्या दिवशी पहिल्याच झटक्यात लागलं. पडद्यावर एक चौकट आली. चौकटीत रंगीत मासे, खाली दोन बटणं. इंग्रजी मला येत नाही. पण डावं म्हणजे हो आणि उजवं म्हणजे नाही, एवढं मला ठाऊक होतं. आता आम्ही धिवर, जातीचेच मासेमार. धिवराच्या दारात येऊन कोणी मासे देतो म्हणावं आणि धिवरानं नको म्हणावं, असं आमच्या सात पिढ्यांत झालेलं नाही. मी डावं दाबलं. पुन्हा चौकट आली, पुन्हा डावं. असं पाच-सहा वेळा झालं. दर वेळी अध्यक्षाची परवानगी मागत होते, त्यात मला वावगं काही दिसलं नाही. तलावाच्या कागदावरही तेवढ्याच सह्या लागतात.

मग सगळा पडदा पाण्यानं भरला आणि मासे फिरायला लागले. निळे, पिवळे, एक तर पतंगासारखा चपटा. असले मासे वैनगंगेतही नाहीत आणि कुठल्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यातही नाहीत. माउस हलवला की त्यातला एक मागे मागे यायचा. मी तासभर पाहत बसलो. तेवढ्यात संस्थेचे दोन-तीन सभासद आले आणि एकानं विचारलं, "हे कुठून आणले गा, अध्यक्ष?"

माझ्या तोंडून निघून गेलं की सरकारनं पाठवले, फक्त मच्छीमार संस्थांना. अध्यक्षाच्या तोंडून निघालेलं ठरावासारखं असतं, मागे घेता येत नाही. दोन दिवस अर्धं गाव सरकारी मासे पाहून गेलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं की हे खातात काय. मी म्हटलं, लाईट. ते सगळ्यांना पटलं, कारण लाईट गेली की मासेही जायचे.

सोमवारी सून परत आली. त्याच दिवशी चंद्रपूरच्या मत्स्य खात्याच्या ऑफिसातून कागद आला. आमच्या मोठ्या तलावाच्या ठेक्याची मुदत संपली होती. तिथल्या नवीन साहेबांना सभासदांची यादी हातानं लिहिलेली नको, छापलेली पाहिजे, सोबत फ्लॉपी, आणि शुक्रवारी ऑफिस बंद होण्याच्या आत. शेजारच्या गावच्या संस्थेनं त्याच तलावासाठी अर्ज टाकला होता आणि त्यांची यादी पोचलीही होती. आमची गेली नाही तर तलाव त्यांचा. आमच्या आजा-पणजानं ज्या तलावाची पाळ बांधताना माती वाहिली, त्याच्या काठावर आम्ही दुसऱ्याचं जाळं पाहत बसायचं. गावातली साठ घरं त्या पाण्यावर जेवत होती. ठेका ठरेपर्यंत जाळं टाकायला मनाईही आली होती.

सुनेनं यादी टाईप करायला घेतली. वीस नावं झाली असतील, पडद्यावर एकावर एक चौकटी उघडायला लागल्या. एकीत लॉटरी, एकीत गोऱ्या बायका, एक म्हणे तुमचा कॉम्प्युटर आजारी आहे, इथे दाबा. मग सगळं जागच्या जागी थिजलं. बंद करून चालू केला तर वीस नावं गेलेली. पुन्हा टाईप केलं, पुन्हा तेच.

"मामाजी," ती मागून म्हणाली, "याच्यात हेर घुसला जी."

तिनं समजावून सांगितलं ते असं, की एखादा चोर प्रोग्राम आत लपून बसतो, आपण काय करतो ते पाहतो आणि बाहेर कळवतो. त्याला स्पायवेअर म्हणतात. कोणाला कळवतो, ते तिला सांगता येईना. मला लगेच कळलं. शेजारच्या गावाचं नाव मी तिथंच घेतलं. ती म्हणाली की त्यांच्याकडे कॉम्प्युटरच नाही, ते मूल गावातल्या दुकानातून यादी टाईप करून आणतात. आपणही तसंच करावं, असं तिनं हळूच सुचवलं. मी साफ नाही म्हटलं. कॉम्प्युटर आला त्या दिवशी मी नारळ फोडून भाषण केलं होतं की यापुढे आपली संस्था कोणाच्या दुकानापुढे उभी राहणार नाही. भाषण सगळ्या गावानं ऐकलं होतं.

मग तिनं विचारलं, "मी नव्हती तवा कोणं याच्यात काई नवं टाकलं का जी?"

मी रस्त्याकडे पाहत म्हटलं, "इथी कोण येते?"

"आणि हे मासे?"

"मासे सरकारचे."

तिची बांगडी वाजली, म्हणजे कामाला लागली.

मंगळवारी ती मूलला जाऊन हेर काढायची सीडी घेऊन आली. सीडी टाकली की ती सगळा कॉम्प्युटर कोपरान् कोपरा तपासते, त्याला दोन तास लागतात. दोन तास व्हायला थोडं उरलं असताना लाईट गेली. चार तासांनी आली, पुन्हा पहिल्यापासून सुरू. ते संपायच्या आत पुन्हा गेली. मंगळवार असा गेला.

बुधवारी तपासणी पूर्ण झाली. लाल अक्षरांत लांबलचक यादी आली, आमच्या सभासदांपेक्षा मोठी. सुनेनं काढून टाकायचं बटण दाबलं. कॉम्प्युटर म्हणाला, फाईल वापरात आहे, काढता येत नाही.

मी म्हटलं, "वापरून कोण राह्यलं ते विचार त्याले."

ती म्हणाली तेवढंच तो सांगत नाही. मग तिनं तीन बटणं एकदम दाबून आत चालू असलेल्यांची हजेरी काढली. एक संशयित सापडला, त्याला बंद केला. तो लगेच उठला. एकाच्या जोडीला दुसरा होता. याला मारलं की तो याला उठवतो, त्याला मारलं की हा त्याला. अशी भावंडं आमच्याही गावात आहेत, त्यामुळे मला हे समजायला जड गेलं नाही.

मग ती म्हणाली की कॉम्प्युटर अर्धाच जागा करायचा, सेफ मोडमध्ये. म्हणजे तो उठतो, पण त्याच्यासोबत उठणारे बाकी झोपून राहतात. चालू होताना वरच्या रांगेतलं एक बटण टपटप दाबायचं. तिनं दाबलं. बराच वेळ आवाज नाही म्हणून मी वळून पाहिलं. पडदा काळा, चार कोपऱ्यांत पांढरी अक्षरं. मला वाटलं, गेला. मी वळलो म्हणून ती उठून उभी राहिली. ती उठली म्हणून मी पाठ फिरवली. ती बसली. मला राहवेना, मी पुन्हा वळलो, ती पुन्हा उठली. असं चारदा झालं. शेवटी ती म्हणाली की मामाजी, तुम्ही एकतर आत या नाहीतर बाहेर राहा, तो मेला नाही, फक्त कपडे न घालता उठला आहे. मी बाहेर राहिलो.

अर्ध्या झोपेत लाल यादी मुकाट्यानं निघाली, एकही चूक दाखवली नाही. आम्ही चहा प्यालो. चहा पिऊन तिनं कॉम्प्युटर नेहमीसारखा चालू केला, नेट लागलं, यादी उघडली. लॉटरी आली. गोऱ्या बायका आल्या.

गुरुवारी सकाळपासून तिनं तेच दोनदा केलं. दोन्ही वेळा सगळं साफ, आणि चालू केल्यावर सगळं परत. दुपारी मला तिचा आवाज थकलेला वाटला. उद्या यादी द्यायची होती. सभासद रस्त्यानं जाता-येता माझ्या तोंडाकडे पाहत होते, कारण माझं तोंड रस्त्याकडेच होतं.

ती म्हणाली, "किती डाव काढलं जी, परत येऊनच राह्यलं. कुठून येते तेच समजत नाई."

आता मासा परत कुठून येतो हे मला विचारावं, आणि मी गप्प बसावं, हे शक्य नव्हतं. मी तिला सांगायला लागलो. एका वर्षी आमच्या तलावात मरळ फार झाली. मरळ म्हणजे शिकारी मासा, रोहू-कतल्याची पिल्लं गिळून टाकते. आम्ही जाळं लावून मरळ काढली, पुन्हा झाली. तलाव आटवून काढली, पुन्हा झाली. तेव्हा माझ्या बापानं सांगितलं की मरळ तलावात नाही, ती बीजात आहे. बाहेरचा माणूस स्वस्तात मासोळीचं बीज देऊन जातो, त्यातच मरळीची पिल्लं मिसळलेली असतात. आपण हौसेनं सोडतो. म्हणून फुकट किंवा स्वस्त बीज कोणी दारात आणून दिलं तर आधी हातावर घेऊन पाहावं आणि मगच...

इथं मी थांबलो.

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. ती पूर्ण जाईपर्यंत मी थांबलो.

"सूनबाई," मी म्हटलं, "ते मासे सरकारनं नाई पाठवले. चौकट आली होती. मी डावं दाबलो. पाच-सा डाव दाबलो."

"हो जी," ती म्हणाली.

"हो जी म्हणजे?"

"मले सोमवारीच ठावं होतं. कॉम्प्युटर तारीख लिहून ठेवते, आणि किल्ली तुमच्यापाशी होती. पण गावभर सरकारी मासे झालेले. तुम्ही सांगतल्याबिगर मी काढले असते तर सूनबाईनं सरकारचे मासे मारले, असं झालं असतं." आणि वर म्हणाली, "उद्या सकाळी तुम्ही तोंड धुवाले गेले का काढणारच होती."

मी चिडलो होतो, पण चिडायला मला जागा सापडेना. म्हणून मी हुकूम सोडला. आधी टेलिफोनची तार काढ. वरून पाणी येत राहिलं तर तलाव आटत नाही. मग मासे काढ, आणि मग बाकीचे. तिनं सांगितलं की तार काढायचं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. हे ती खरं बोलली की सासऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलली, मी विचारलं नाही. खरंच बोलली असणार.

मासे काढायला गेली तर ते दहा प्रश्न विचारायला लागले. खरंच काढायचं का, पुन्हा विचार करा, मासे उदास होतील, असं सुद्धा. ती वाचून दाखवत होती आणि मी उंबरठ्यावरून प्रत्येकाला हो म्हणत होतो. शेवटी पडदा निळा उरला. मग अर्ध्या झोपेत लाल यादी काढली, मग पूर्ण जागा केला, आणि आम्ही दोघं थांबून राहिलो. एकच चौकट आली. ती म्हणाली हे काही नाही, आपण जी फाईल काढली तिलाच तो शोधतो आहे, सापडत नाही म्हणतो. मी म्हटलं शोधू दे.

यादी त्याच दिवशी टाईप झाली. शुक्रवारी सकाळी लाईट असेपर्यंत छापून घेतली. शेवटचं पान अर्धं बाहेर आलं आणि लाईट गेली. ते पान तिनं बोटांनी अलगद ओढून काढलं. खालची दोन नावं वाकडी आली होती. त्यातलं एक माझं. मी एसटीनं चंद्रपूरला गेलो, फ्लॉपी धोतराच्या घडीत. बाबूनं यादी पाहिली, वाकड्या नावांवर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोचेचा शिक्का मारला. महिन्याभरात तलाव आमच्या नावानं झाल्याचा कागद आला.

कागद वाचायला सभा बोलावली. वाचून झाल्यावर कोणीतरी विचारलं की ते सरकारी मासे आताशा दिसत नाहीत, कुठे गेले. सून मागे बायकांत उभी होती आणि खाली पाहत होती. सरकारनं परत नेले, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. मी उठून सगळं सांगितलं. डावं बटणही सांगितलं.

लोक बराच वेळ हसले. मग एक सभासद म्हणाला, "तर मंग यंदा अध्यक्ष बदलाचा काय गा?"

"बदला," मी म्हटलं. "पण नव्याले पयल्यापासून चुका कराव्या लागतीन. माझ्या आता करून झाल्या."

हात वर झाले, ते माझ्याच नावाला. त्यानंतर कोणी बोलत बसलं नाही. महिनाभर सगळ्यांची जाळी सुकी पडली होती. सभा मोडली आणि आम्ही तलावावर गेलो.