प्राचीचे मासे

आज रविवार, सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे. मी आमच्या गावच्या बुद्धविहारात मुलांची चित्रे गोळा करत होतो.

रोज योगासने झाल्यावर मी मुलांना दहा मिनिटे चित्र काढायला देतो. योगाने मुलांची कल्पनाशक्ती वाढते, असे मीच घरोघरी जाऊन सांगितले होते. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले, म्हणून शिकवताना चूक होऊ नये याची मला सारखी धास्ती असते. मुलांचे हातपाय इकडेतिकडे जाऊ नयेत म्हणून मागच्या महिन्यात मी फरशीवर ऑइलपेंटने अठरा चौकोन आखले. एका चौकोनात एक मूल.

आठ वर्षांची प्राची पहिल्या दिवसापासून तलावातले मासेच काढते. तिचे मासे चपला घालून झाडावर चढायचे. आज तिने पट्टीने चौकोन आखले होते. प्रत्येकात एक मासा, शेपटी सरळ, डोळे मिटलेले.

"पाणी कुठे आहे गं?" मी विचारले.

"पाण्यात ते हलतात ना सर, मग तुम्ही रागावता."

तेवढ्यात तिची आई तिला न्यायला आली. चित्र पाहून म्हणाली, "लय सुधरली जी पोरगी. घरी पण आता गुमान बसून राह्यते."

 शाळेत मलाही असेच गुमान बसवायचे, म्हणून मी शाळा सोडली होती.

तुमच्यापैकी कोणी मुलांना शिकवत असेल तर सांगा, अशा मुलीला पुन्हा हलायला कसे शिकवायचे?

फरशीवरच्या रंगाचे दोनशे चाळीस रुपये झाले, त्यातले शंभर अर्जुनी मोरगावच्या दुकानदाराला अजून द्यायचे आहेत. चौकोन पुसायला थिनर लागेल, त्याचे वेगळे.