हुफूफमधलं वेलिंग्टन

सौदी अरेबियातलं खोबर सोडताना आमच्या गाडीत मागच्या सीटवर गाद्या होत्या, पायाशी पाण्याचे कॅन, माझ्या मांडीवर दोन गॅस मास्क, आणि या सगळ्यांच्या वर दुलईत गुंडाळून ठेवलेला विमानाचा पंख. कुवेतवरून इराकशी युद्ध सुरू झालं, रात्री डोक्यावरून इराकची स्कड क्षेपणास्त्रं जाऊ लागली, मी शिकवत होते ती शाळा बंद पडली. ओळखीच्या लोकांनी सोनं आणि सर्टिफिकेटं बांधली. आमच्याकडे आधी पंख बांधला गेला.

विमान खरं नव्हे. माझा नवरा मोहन बांबूच्या कामट्यांचं आणि कागदाचं वेलिंग्टन बांधत होता. वेलिंग्टन हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं बॉम्बफेकी विमान. मोहन नाशिकचा, पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर. कॉलेजात असताना एका जुन्या मासिकात त्यानं या विमानाचा उघडा सांगाडा पाहिला आणि तो कायमचा कामातून गेला. धातूच्या अरुंद पट्ट्या दोन्ही बाजूंनी तिरप्या वळवून एकमेकींवर घातलेल्या, वर लिननचं कापड, बस्स. एक पट्टी ताणली जाते तेव्हा तिला छेदणारी दाबली जाते, आणि दोघी एकमेकींना सावरतात, असं तो सांगतो. अंगाला खिंडारं पडलेली वेलिंग्टनं तळावर परत आली, हे तर तो घरच्या माणसाचं कर्तृत्व सांगावं तसं सांगतो. डोक्यावरून आजची ब्रिटिश टोर्नेडो विमानं कानठळ्या बसवत जायची, तेव्हा मात्र वर बघायचा नाही. "त्यात काय, सगळा इंजिनाचा जोर," म्हणायचा.

हुफूफची वाट दोन तासांची. शहराबाहेर जायला कफीलचं (नोकरीला ठेवणाऱ्या मालकाचं) पत्र लागतं, ते होतं. पण वाटेतल्या चौकीवर शिपायानं पत्राकडे बघितलंच नाही. त्यानं दुलई उचलली.

"एश हादा?" (हे काय?)

"तय्यारा," मोहन म्हणाला. तय्यारा म्हणजे विमान. युद्धाच्या ऐन धुमाळीत, लष्करी चौकीवर, हा माणूस छाती फुगवून सांगतो की गाडीत विमान आहे! शिपायानं दुसऱ्याला हाक मारली. दोघांनी पंख उन्हात धरला. एका बाजूला अजून कागद चढवलेला नव्हता, तिथली जाळी दिसत होती. दुसऱ्यानं तिच्यावर बोट फिरवलं, हसला, आणि टोपली विणल्यासारखी बोटं हलवून दाखवली. "यल्ला," म्हणाला. निघा. मी घाम पुसला. मोहन पुढचा अर्धा रस्ता खुशीत होता, कारण शिपायाला वीण कळली होती.

वाळू संपून खजुरीची झाडं एकदम सुरू होतात ते हुफूफ. थंडीच्या दिवसांत इथल्या गरम झऱ्यांवर वाफ तरंगते. आमचा मुक्काम इब्राहिमचाचांकडे होता. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, हुफूफच्या बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान, आणि गावाबाहेर खजुरीच्या बागेत भाड्याचं घर. घरात ते आणि त्यांची सून सफिया, दोघंच. सफियाला नववा महिना होता. तिचा नवरा दम्मामच्या बंदरावर कामात अडकलेला, मुंबईची विमानं बंद. "बाय, आता ही पोर सुखरूप सुटली की मी गंगेत न्हालो," चाचा मला म्हणाले. मुसलमान माणसाच्या तोंडची ही गंगा मला फार आवडली.

पहिल्या जेवणाला हसावी भात होता. हा इथला तांबडा तांदूळ, थोडा चिकट, मटणाच्या रश्शाबरोबर. "आमच्या पटणी तांदळाची सर नाय, पण तोंडात गावाकडचा वास येतो," चाचा म्हणाले. घराच्या आतल्या खोलीला त्यांनी प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी लावून ठेवली होती. हल्ल्याचा भोंगा वाजला की सगळ्यांनी तिच्यात शिरायचं. पिकल्या फळासारखा वास आला की समजायचं विषारी गॅस आला, असं त्यांना कुण्या ट्रकवाल्यानं सांगितलं होतं. खरंखोटं देव जाणे, पण ऐकल्यापासून सफिया खजुराची टोपलीसुद्धा खोलीत ठेवू देत नव्हती.

मोहननं आपला संसार पंपाच्या खोलीत मांडला. बागेला पाणी देणारा डिझेल पंप तिथं दिवसभर धडधडायचा. धूळ नाही, वारा नाही, त्यामुळे कागद चढवायला जागा उत्तम. ती खोली आणि आमची बंद खोली यांत एकच भिंत होती, वर हवेची एक जुनी झडप. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

एका दुपारी भोंगा वाजला. मी सफियाचा हात धरून तिला आत आणलं, चाचांनी दार लावलं आणि आम्ही तिघांनी भराभर पट्ट्या चिकटवल्या. मास्क दोनच. माझा मी सफियाला चढवला. दुसरा खिळ्याला टांगलेला होता, तो मोहनचा. मी चाचांना घ्या म्हटलं. "तो मोहनशेठचा हाय," म्हणाले, आणि ओला टॉवेल तोंडाला लावून बसले. मीही एक लावला. मोहन पंपापाशी होता. पंपाच्या आवाजात त्याला भोंगा ऐकूच गेला नसणार, हे मला कळत होतं. चाचा त्याला आणायला उठणार, तेवढ्यात वास आला.

गोड, उग्र, अती पिकलेल्या केळ्यासारखा. टॉवेलातूनसुद्धा येत होता. चाचांच्या ओठांची हालचाल सुरू झाली, ते कलमा म्हणत होते. मला फक्त एकच दिसत होतं, खिळ्यावरचा मास्क.

मग दारावर थाप पडली.

सफियानं एका झटक्यात पट्टीला हात घातला. "मोहनभाई बाहेर हायत! दार उघडा!"

पट्टीचं रीळ माझ्या हातात होतं. मी तिचा हात बाजूला केला. तिच्या पोटाकडे बघितलं आणि ओरडले, "उघडू नका! कुणीही दार उघडू नका!"

दुसरी थाप पडली नाही.

पंपही बंद झाला होता. इतकी शांतता मी त्या देशात कधी ऐकली नव्हती. सफिया मास्कमध्ये रडत होती, चाचा माझ्याकडे बघत नव्हते. मी भिंतीला पाठ लावून बसले आणि नाशिकला त्याच्या आईला काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवत राहिले. अशी वाक्यं मला सुचत होती, याचाच मला धक्का बसला होता.

धोका टळल्याचा भोंगा वाजला तेव्हा चाचांनी दार उघडलं. बाहेर पायरीवर मोहन बसलेला. मांडीवर पंख, हातात ब्रश.

"झालं का तुमचं?" त्यानं विचारलं.

वास त्याच्या अंगाला येत होता, ब्रशाला येत होता, पायरीवरच्या बाटलीला येत होता. डोप! कागद ताणून ढोलासारखा घट्ट करणारं ते वॉर्निश. लग्न झाल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात, पडद्यांना, लोणच्याच्या बरणीलासुद्धा हाच वास होता. त्यावरून मी किती भांडले असेन. आणि भीतीनं मी माझ्या घराचाच वास ओळखला नाही.

चाचा मटकन खाली बसले. "मोहनशेठ, तुमच्या बाटलीनं आमचा जनाजाच काढला होता!" मग हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सफियानं त्या दिवशी सगळ्यांच्या आधी मोहनला वाढलं. मला शेवटी. मी पंखाकडे बघत होते. उन्हात कागदामधून आतली सगळी वीण दिसत होती, तिरपी, नेमकी, कुठे एक कामटीही जास्त नाही. फार सुंदर होतं ते. इतक्या वर्षांत मी हे त्याला सांगितलं नव्हतं, तेव्हाही सांगता आलं नाही.

युद्ध थांबलं. सफियाला मुलगा झाला, चाचांनी बाजारभर खजूर वाटला. आम्ही परत निघालो तेव्हा उत्तरेकडचं आकाश कुवेतच्या जळत्या तेलविहिरींनी काळवंडलेलं होतं. प्रवासात माणूस नवे मुलूख बघतो म्हणतात. मी दोन तासांच्या वाटेवर जाऊन स्वतःला बघून आले होते, आणि ते मला फारसं आवडलं नव्हतं. चौकी मागे पडल्यावर मी विचारलं,

"आतून उघडू नका कोण म्हणालं, कळलं होतं तुला?"

"न कळायला काय? वर्गावर ओरडतेस तसाच आवाज."

"आणि बाहेर काय चाललंय असं वाटलं?"

"पंप बंद केला तर बागेत चिटपाखरू नाही, सगळी दारं लावलेली. म्हटलं गॅसच असणार."

"मग परत दार का नाही ठोठावलंस?"

त्यानं गिअर बदलला. "आत सफिया. तू नको म्हणालीस, म्हणजे बरोबरच असणार. पंखाला डोपचा दुसरा हात द्यायचा राहिला होता, तो दिला."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि खोबर येईपर्यंत रडले.